व्हीलचेअर हवी, की व्हीलचेअर सोबत?

वाशीमहून विमानानं जायचं तर आधी गाडीनं जावं लागतं. जिल्ह्यात विमानतळ नाही. अकोल्याजवळ शिवणीला धावपट्टी आहे, पण तिथून प्रवासी विमान उडत नाही. मग उरतात नागपूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर, आणि १६ एप्रिल २०२५ पासून अमरावतीचं बेलोरा. समृद्धी महामार्ग मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा या आपल्याच तालुक्यांतून गेला, तेव्हापासून शेलू बाजारला वर चढलं की नागपूर पूर्वीइतकं लांब वाटत नाही. हे झालं चालत्या माणसाचं. माझ्या ताईला लहानपणी पोलिओ झाला, दोन्ही पाय गेले. ती प्रवास किलोमीटरमध्ये मोजत नाही, उचलाउचलीत मोजते.

तिचा हिशोब असा. घरच्या खुर्चीतून गाडीत, एक. गाडीतून पुन्हा खुर्चीत, दोन. विमानाच्या दाराशी आपल्या खुर्चीतून त्यांच्या अरुंद खुर्चीत, तीन. तिथून सीटवर, चार. उतरल्यावर हेच उलटं. नागपूर ते बंगळुरू म्हणजे आठ उचल, आणि प्रत्येक उचलीला कुणाचे तरी अनोळखी हात. विमानतळावर काउंटरशीच कुणी म्हणालं, ‘ही खुर्ची सामानात द्या, आमच्या खुर्चीत बसा,’ की आठाच्या दहा होतात. व्हीलचेअर घेऊन विमानप्रवास करायची सगळी तयारी या दहाच्या आठ करण्यासाठी असते, आणि त्या आठ धड व्हाव्यात यासाठी.

पहिल्या वेळी आमच्या दहा झाल्या. तिकीट काढून देणाऱ्यानं फोनवर सांगितलं होतं, “व्हीलचेअर टाकली बरं का भाऊ तिकिटात, काई टेन्शन नाई.” त्यानं खोटं सांगितलं नव्हतं. टाकली होतीच. पण ‘व्हीलचेअर हवी’ आणि ‘व्हीलचेअर सोबत आहे’ या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे ना त्याला ठाऊक होतं ना मला. विमान कंपनीच्या संगणकात त्यांचे रकानेही वेगळे असतात. पहिला रकाना म्हणजे विमानतळाची खुर्ची आणि ती ढकलणारा माणूस. दुसरा म्हणजे तुमची स्वतःची खुर्ची, तिचं माप, वजन, बॅटरी, आणि ती विमानाच्या पोटात कुठे बसणार याची तजवीज. आपण पहिला भरतो, दुसरा रिकामा राहतो, आणि मग काउंटरवरचा पोरगा आपल्याकडे आणि आपल्या खुर्चीकडे आळीपाळीनं बघतो.

पहिल्या रकान्यातही तीन पायऱ्या आहेत. जगभरच्या विमान कंपन्या त्यासाठी चार अक्षरी संकेत वापरतात. सुरुवात सगळ्यांची ‘डब्ल्यूसीएच’, फरक शेवटच्या अक्षरात. ‘आर’ म्हणजे रॅम्पपर्यंत: या माणसाला लांब चालवत नाही, पण पायऱ्या चढता येतात आणि विमानात आपल्या सीटपर्यंत जाता येतं. ‘एस’ म्हणजे पायऱ्या जमत नाहीत, मात्र आत गेल्यावर चार पावलं टाकता येतात. ‘सी’ म्हणजे केबिनच्या आतही चालता येत नाही, सीटपर्यंत न्यावंच लागतं. ताईच्या तिकिटावर ‘आर’ पडलं होतं. त्या एका अक्षराचा परिणाम असा झाला, की विमानापाशी शिडी लागली आणि खाली कुणीच नव्हतं. ज्याला ‘सी’ची नोंद दिसते तो अ‍ॅम्ब्युलिफ्ट बोलावतो. हा एक ट्रक असतो, त्याच्यावरची बंद पेटी कात्रीसारख्या लोखंडी पायांवर विमानाच्या दारापर्यंत वर उचलली जाते. तो ऐनवेळी मागवला की येईपर्यंत सगळं विमान आपल्याकडे बघत बसतं. ताईला दोघांनी हातावर उचलून पायऱ्या चढवल्या. वर गेल्यावर ती एवढंच म्हणाली, “मला पोतं नका म्हणू म्हणजे झालं.”

स्वतःच्या खुर्चीचे संकेत वेगळे. हातानं चालवायच्या खुर्चीला ‘डब्ल्यूसीएमपी’, न सांडणाऱ्या कोरड्या किंवा जेल बॅटरीच्या खुर्चीला ‘डब्ल्यूसीबीडी’, लिथियमवाल्या खुर्चीला ‘डब्ल्यूसीएलबी’. ही अक्षरं पाठ करायची गरज नाही. फक्त कॉल सेंटरला फोन करून विचारायचं: “माझ्या तिकिटावर सी पडलंय का? आणि माझ्या स्वतःच्या खुर्चीची वेगळी नोंद आहे का?” एवढ्या दोन प्रश्नांवर समोरचा माणूस सावरून बसतो, हा माझा अनुभव. आपल्याला त्यांची भाषा येते म्हटल्यावर सूर बदलतो.

आता ती अरुंद खुर्ची. साधी घडीची व्हीलचेअर बाहेरून मोजली तर दोन फुटांच्या आसपास भरते. विमानातल्या दोन रांगांमधली वाट असते जेमतेम दीड फुटाची. म्हणून विमानाच्या आत जायला एक वेगळीच खुर्ची असते, तिला आयल चेअर म्हणतात. बसायची फळी जेमतेम बूड टेकेल एवढी, हात टेकायला काही नाही, छातीवर, मांडीवर आणि घोट्यापाशी पट्टे. तिच्यात बांधून उलटं ओढत नेतात. ज्यांच्या धडात ताकद नाही त्यांना तिची भीती वाटते, आणि ती रास्त आहे. उचलणारे सहसा दोघं असतात: एक मागून काखेत हात घालतो, दुसरा गुडघ्यांखाली धरतो. त्यांना दिवसभरात अशी कितीतरी माणसं उचलावी लागतात, पण तुमचा कुठला खांदा निखळतो, कुठल्या पायात अजून दुखायची जाण आहे, हे त्यांना कसं कळणार? ताई आता आधी सगळं सांगून घेते. डावा हात ओढायचा नाही, पाय आधी नाही तर कंबर आधी, आणि आकडे मी मोजणार. “एक, दोन” आणि तिसऱ्याला उचल. आकडे तिच्या तोंडचे असतात, एवढ्यानंच उचलणाऱ्यांचे हात निराळे पडतात.

सीट निवडताना आपल्याकडे सरसकट ‘पहिली रांग मागा, पाय मोकळे राहतात’ असा सल्ला देतात. चालता न येणाऱ्या माणसासाठी तो अर्धवट आहे. पहिल्या रांगेसमोर भिंत असते, पुढे सीट नसते, म्हणून जेवणाचा ट्रे हाताच्या दांडीतच बसवलेला असतो आणि ती दांडी वर होत नाही. मग माणसाला दांडीवरून उचलून पलीकडे टाकावं लागतं. मागच्या रांगांत वाटेकडची दांडी पुष्कळदा वर होते, पण तिचं बटण दिसत नाही. दांडीच्या खालच्या बाजूला, बिजागरीपाशी, बोटानं चाचपलं की एक छोटी खिट्टी लागते. ती दाबली की दांडी उचलते आणि माणूस सरकत सीटवर जातो. केबिनमधल्या कर्मचाऱ्यांना ही खिट्टी माहीत असते, पण घाईत विसरतात. आपण आठवण द्यावी. संकटकालीन दाराजवळच्या रांगेत व्हीलचेअरच्या प्रवाशाला बसवत नाहीत, तो नियम सुरक्षेचा आहे, त्यावर वाद घालू नये.

आणि हा पहिल्या रांगेचा सल्ला अमरावतीला तर उलटाच होतो. बेलोऱ्याहून मुंबईची सेवा सुरू झाली ती अलायन्स एअरच्या एटीआर ७२ विमानानं. पंख्याचं, सत्तरेक सीटचं विमान. त्यात प्रवासी चढतात मागच्या डाव्या दारानं, पुढच्या भागात सामान. दारच उघडून त्याचा जिना होतो, चारपाच पायऱ्यांचा. विमान बुटकं असल्यानं चढाई कमी, पण तो जिना अरुंद आणि विमानाचाच भाग असलेला. इथे पहिली रांग मागितली तर आयल चेअरवरून आख्खं विमान पार करावं लागेल. शेवटच्या रांगा मागाव्यात. आणि तिकीट काढण्याआधी एक प्रश्न नक्की विचारावा: “पायऱ्या न चढता आत घ्यायची सोय त्या दिवशी असेल का?”

विचारायचं केव्हा, याचं उत्तर नियमात आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय म्हणजे डीजीसीए. अपंग आणि हालचाल मर्यादित असलेल्या प्रवाशांसाठी त्यांची वेगळी नियमावली आहे, २००८ पासून, आणि २०१४ साली ती बरीच सुधारली. उड्डाणाच्या ४८ तास आधी कळवा, म्हणजे कंपनीला सोय करता येईल, असा त्यातला दंडक. ही नियमावली एकट्यानं प्रवास करणाऱ्याच्या बाजूनं आहे: जेवण, बोलणं, स्वतःची स्वच्छता हे आपलं आपण करू शकतो असं प्रवाशानं सांगितलं, तर सोबती आणाच असा आग्रह कंपनीला धरता येत नाही. अपंगत्व आहे एवढ्यावरून डॉक्टरचं पत्रही मागता येत नाही. ऑक्सिजन, स्ट्रेचर किंवा खरंच ढासळती तब्येत असेल तेव्हाची गोष्ट वेगळी. ही नियमावली छापून जवळ ठेवावी, असं मी सांगत असतो. लोक हसतात. काउंटरवर एकदा कागद पुढे केला की हसू थांबतं.

नियम होते तरी काय झालं, ते जीजा घोष यांच्या बाबतीत दिसलं. सेरेब्रल पाल्सी असलेल्या, कोलकात्यात अपंगांच्या हक्कांचं काम करणाऱ्या या बाई १९ फेब्रुवारी २०१२ ला गोव्याला एका परिषदेसाठी निघाल्या होत्या. ती परिषद मुंबईच्या अडॅप्ट या संस्थेची होती. अडॅप्ट म्हणजे मिठू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत सुरू केलेली स्पॅस्टिक्स सोसायटी. स्पाइसजेटच्या विमानात त्या सीटवर बसल्यावर त्यांना उतरवलं गेलं. त्यांनी आणि अडॅप्टनं मिळून सर्वोच्च न्यायालय गाठलं, आणि १२ मे २०१६ ला न्यायालयानं कंपनीला १० लाख रुपये भरपाई द्यायला लावली. व्हीलचेअर हा त्या प्रकरणाचा विषयही नव्हता. त्यांचं बोलणं-चालणं वेगळं दिसलं, एवढंच कारण. सहा वर्षांनी, मे २०२२ मध्ये, रांचीला एका विशेष गरजा असलेल्या मुलाला इंडिगोच्या विमानात घेतलं नाही. डीजीसीएनं ५ लाखांचा दंड केला आणि जुलैत नियम बदलला: प्रवासात तब्येत बिघडेल असं कंपनीला वाटलं, तर डॉक्टरनं प्रवाशाला प्रत्यक्ष तपासून लेखी सांगायचं, तो उडू शकतो की नाही. काउंटरवरच्या माणसाच्या नजरेवर ते सोडायचं नाही. हा बदल मला भरपाईच्या रकमेपेक्षा मोठा वाटतो.

खुर्चीकडे वळू. ती विमानाच्या दारापर्यंत वापरायची आणि तिथेच द्यायची, हा आग्रह धरावा. तिला सामानाचा टॅग लागतो, ती पोटात जाते, आणि उतरताना दाराशीच परत हवी असं टॅगवर लिहून घ्यायचं. विमान कंपन्या तिला तुमच्या सामानाच्या किलोंत धरत नाहीत. देताना जे जे निघतं ते काढून घ्यावं: उशी, पाय ठेवायच्या पट्ट्या, बाजूच्या फळ्या, बॅटरीवाली असेल तर जॉयस्टिक. मोठी पिशवी बाळगावी. राहिलेली वस्तू वाटेत सुटते आणि मग ताईसारखं एका पायपट्टीवर आठ दिवस काढावे लागतात. ‘वर गेल्यावर चाकातली हवा फुटेल’ असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. विमानाच्या पोटातही केबिनइतकाच हवेचा दाब असतो.

बॅटरीच्या खुर्चीचं गणित मात्र जुळवावंच लागतं. पहिलं गणित उंचीचं. एअरबस ए३२०च्या सामानाच्या दारातून सुमारे चार फूट उंचीची वस्तू उभी जाते, बोइंग ७३७चं दार जेमतेम तीन फुटांचं. तीच खुर्ची एका विमानात उभी जाते आणि दुसऱ्यात आडवी पाडावी लागते, आणि आडवी पाडलेली जड खुर्ची म्हणजे मोडलेली खुर्ची. म्हणून पाठ खाली घडी होते का ते पाहावं आणि तिकिटाआधी विमानाचा प्रकार विचारावा. दुसरं गणित विजेचं. लिथियम बॅटरी खुर्चीतून निघणारी असेल, तर ती काढून केबिनमध्ये आपल्यासोबत न्यावी लागते, आणि तिची मर्यादा ३०० वॉट-तास. दोन बॅटऱ्या असतील तर प्रत्येकी १६०. वॉट-तास काढायचे कसे? बॅटरीवर लिहिलेले व्होल्ट गुणिले अँपिअर-तास. २४ व्होल्ट आणि १० अँपिअर-तास म्हणजे २४०, चाललं. २४ आणि २० म्हणजे ४८०, नाही चाललं. बॅटरी खुर्चीतच पक्की बसवलेली असेल तर ही मर्यादा नाही, पण तसं आधी कळवून मान्य करून घ्यावं लागतं. मोबाइलमध्ये बॅटरीवरच्या चिठ्ठीचा फोटो ठेवावा. सुरक्षा तपासणीला तोंडी सांगून कुणी मानत नाही.

तपासणीवरून आठवलं. कृत्रिम पाय लावणाऱ्यांना विमानतळावर पाय काढून दाखवायला लावतात, ही तक्रार अभिनेत्री-नर्तिका सुधा चंद्रन यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये जाहीरपणे केली, आणि केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलानं माफी मागितली. व्हीलचेअरवर बसलेल्याची तपासणी बसल्याबसल्या, हवी असल्यास आडोशाला करून घेता येते. मागावी लागते, एवढंच.

शरीराचीही तयारी लागते, आणि तिच्याविषयी बायका तर अजिबात बोलत नाहीत. लहान विमानातल्या शौचालयात खुर्ची जात नाही. म्हणून कितीतरी जण आदल्या रात्रीपासून पाणी तोडतात. ताईही तोडायची. कोरड्या शरीरानं तासन्‌तास न हलता बसलं की पायात रक्त साकळायचा धोका वाढतो. डॉक्टरला आधी विचारून पॅड किंवा कॅथेटरची सोय करणं यात लाजण्यासारखं काही नाही. ज्यांना बसून बसून जखमा होतात त्यांनी आपली उशी विमानाच्या सीटवर घ्यावी. ती हवेच्या कप्प्यांची असेल तर थोडी हवा सोडावी: उंचीवर केबिनचा दाब आठ हजार फुटांच्या डोंगरावर असतो तेवढा उतरू शकतो, आणि बंद हवा तीसेक टक्के फुगू पाहते. फुगून कडक झालेली उशी आणि अजिबात नसलेली उशी यांत फारसा फरक राहत नाही.

खुर्च्या कमी पडल्या की काय होतं, तेही पाहू. १२ फेब्रुवारी २०२४ ला मुंबईत न्यूयॉर्कहून आलेलं वयस्क जोडपं उतरलं. दोघांनीही व्हीलचेअर नोंदवली होती, आली एकच. बाई बसल्या, ऐंशी वर्षांचे आजोबा चालत निघाले, इमिग्रेशनपाशी कोसळले आणि गेले. डीजीसीएनं एअर इंडियाला ३० लाखांचा दंड केला. दंड योग्यच होता. पण व्हीलचेअरची वाट बघणाऱ्यांच्या रांगेत आपलीही माणसं असतात, ज्यांना चालता येतं. अमेरिकेत मुलाकडे निघालेले आई-वडील, इंग्रजी येत नाही, टर्मिनल अफाट, म्हणून कुणीतरी सांगतं: “व्हीलचेअर मागा, सोबत माणूस येतो.” त्यांची अडचण खरी आहे, मागणी चुकीची. त्यांच्यासाठी वेगळी सेवा असते, ‘मीट अँड असिस्ट’, संकेत ‘एमएएएस’. माणूस येतो, वाट दाखवतो, खुर्ची गुंतत नाही. वाशीम-रिसोडच्या बुकिंगवाल्यांनी एवढं एक जरी लक्षात ठेवलं तरी पुष्कळ खुर्च्या मोकळ्या होतील.

खुर्ची मोडून आली तर विमानतळ सोडायच्या आधी तक्रारीचा अर्ज भरून त्याची प्रत घ्यावी. घरी येऊन फोन केलात तर प्रकरण ढिलं पडतं. मोडतोडीची लेखी तक्रार सात दिवसांच्या आत करावी लागते. कायद्याच्या लेखी मात्र खुर्ची म्हणजे सामानच. देशांतर्गत प्रवासात सामानाच्या भरपाईची मर्यादा २० हजार रुपये. आंतरराष्ट्रीय प्रवासात मॉन्ट्रियल करारानुसार २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआर, म्हणजे रुपयांत पावणेदोन लाखांच्या आसपास. चांगली बॅटरीची खुर्ची याहून महाग असते. परदेशी जाताना काउंटरवर खुर्चीची किंमत आधी जाहीर करून, लागेल ते जादा शुल्क भरून मर्यादा वाढवून घेता येते. माणसाचे पाय सुटकेसच्या हिशोबात बसवणारा हा नियम बदलायला हवा, यात मला शंका नाही.

ताईनं परतीच्या प्रवासाआधी तीन दिवस फोन करून दोन्ही नोंदी करून घेतल्या. नागपूरला दार उघडलं तेव्हा तिची खुर्ची दाराशी उभी होती, उशी तिच्या मांडीवर होती, आणि उचल झाल्या आठच. तुमच्या घरी कुणाची खुर्ची असेल तर आज संध्याकाळी टेप घेऊन तिची उंची, रुंदी, घडीची जाडी आणि वजन मोजा, बॅटरीच्या चिठ्ठीचा फोटो काढा आणि त्या माणसाच्या मोबाइलमध्ये ठेवून द्या. तिकीट नंतर काढता येईल.